तोंडातली ओवी

पहाटे उठून पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा, गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि मग दिवसाच्या उद्योगाला लागायचे, हा आमच्या घराचा शिरस्ता माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आलेला. आणि मामलेदार कचेरीतून निवृत्त होईपर्यंत मीही तो निष्ठेने, परंतु कचेरीतल्या कामाच्याच घाईने, पाळीत आलो. वर्षभरात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सारे शास्त्र वाचून व्हावे म्हणून रोजचे अध्याय नेमून दिलेला एक तक्ता असतो. त्या तक्त्यावर खुणा करीत मी कित्येक वर्षे पुढे सरकलो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मात्र तो तक्ता मी घडी करून ठेवला, स्तोत्रसंहितेतील पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या ओवीपाशी थांबलो आणि थांबलो तो चार महिने तेथून हललो नाही. आमच्या मंडळीतील जुनी माणसे वचनाला ओवीच म्हणत आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटतो.

धन्य मनुष्य कोणता, हे त्या स्तोत्राला सांगावयाचे आहे. असा मनुष्य काय करीत नाही ते पहिल्या ओवीत येते आणि काय करतो ते दुसरीत: त्याचा सारा आनंद परमेश्वराच्या नियमशास्त्रात साठलेला असतो आणि दिवस असो की रात्र, त्याचे मनन तो सोडीत नाही. मूळ हिब्रूत ही ओवी अवघ्या नऊ शब्दांची आहे. हिब्रू अक्षरे मी पंचावन्नाव्या वर्षानंतर गिरवली, तीही अडखळत. पण जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेली शब्दसूची हाताशी असली म्हणजे माझ्यासारख्या अल्पज्ञालाही मूळ शब्दापर्यंत पोचता येते, कारण त्या ग्रंथात प्रत्येक हिब्रू शब्दाला एक क्रमांक दिलेला आहे आणि तो शब्द शास्त्रात कोठे कोठे आला आहे याचा तपशील नोंदलेला आहे. एका नव्या वहीत नऊ शब्दांना नऊ पाने दिली आणि रोज सकाळी एकाच पानावर बसू लागलो.

दस्तऐवज वाचण्यात माझी हयात गेली. खरेदीखतात 'कायम' लिहिले आहे की 'मुदतीने', 'हक्क' म्हटले आहे की 'वहिवाट', एवढ्याशा फरकाने एखाद्या कुटुंबाची जमीन राहते किंवा जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. बांधावरच्या चार हात जमिनीसाठी जे लक्ष मी कागदाला दिले, ते देवाच्या शब्दाला कधी दिले नव्हते, ही जाणीव त्या पहिल्या आठवड्यात फार टोचली. आणि आजही ती आठवली की मी वाचनाचा वेग कमी करतो.

'नियमशास्त्र' हा शब्द वाचला की कायद्याची कलमे आणि दंडाची रक्कम माझ्यापुढे उभी राहत असे, आणि अशा गोष्टीत कुणाला आनंद कसा वाटावा हे कोडे मला कधी सुटले नव्हते. मूळचा 'तोरा' हा शब्द ज्या धातूशी जोडतात त्याचा अर्थ बाण सोडणे, रोख दाखवणे, शिकवणे असा आहे. वाटसरूला बोट करून वाट दाखवणारा हात त्या शब्दात आहे हे कळल्यावर ते कोडे आपोआप सुटले. पण माझे खरे अडणे झाले ते 'मनन' या शब्दापाशी.

'मनन' हा आपल्या परंपरेत फार भारदस्त शब्द आहे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या त्रयीत तो मधल्या पायरीवर येतो, आणि तो उच्चारताच डोळे मिटून स्तब्ध बसलेला, ओठ न हलविणारा पुरुष मनापुढे उभा राहतो. स्ट्राँगच्या सूचीत मूळ शब्दाचा क्रमांक १८९७ आहे. त्या क्रमांकाचा माग काढीत मी यशयाच्या ग्रंथात गेलो, तर तेथे एकतिसाव्या अध्यायात तोच शब्द सिंहासाठी योजलेला आढळला! सिंहाने शिकार पंजाखाली धरली आहे, मेंढपाळांचा जमाव आरडाओरड करीत अंगावर येत आहे, आणि तो न बिचकता भक्ष्यावर गुरगुरत उभा आहे. ते गुरगुरणे म्हणजेच माझ्या ओवीतले मनन. त्याच ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा आपल्या मरणप्राय दुखण्याची आठवण सांगताना पारव्यासारखा घुमत होतो असे म्हणतो. ते घुमणेही हेच. मोशेच्या पश्चात यहोशवाला जी आज्ञा झाली तीतही हा शब्द आहे, आणि ग्रंथ दुरावता कामा नये असे जे तेथे बजावले आहे ते मुखापासून, म्हणजे सरळ तोंडापासून. पुटपुटणे, गुणगुणणे, घुमणे, कण्हणे, गुरगुरणे ही आपली सारी क्रियापदे एका मुठीत धरली तर त्या हिब्रू शब्दाची कल्पना यावी. कंठातून जे निघत नाही त्याला स्तोत्रकर्ता सहसा मनन म्हणत नसावा.

भाषांतरकारांना मी दोष देत नाही. 'मनन' हा शब्द त्यांनी आदराने निवडला. तरीही या ठिकाणी मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, जिच्या जिभेवर संस्कृत नांदत होते, त्या स्त्रीने उत्तर आयुष्यात केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला व साऱ्या शास्त्राचे भाषांतर साध्या, बायाबापड्यांना उमजेल अशा मराठीत करण्यासाठी आपली अखेरची वर्षे खर्ची घातली. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. इतके पांडित्य ज्याच्यापाशी आहे त्याने ते खाली ठेवून दळणाऱ्या बाईच्या भाषेकडे वळावे, याला मी फार मोठा त्याग मानतो.

दळणारी बाई म्हटल्यावर माझी आजी समोर येते. तिला अक्षरओळख नव्हती. रविवारी उपासनेत पाळकांनी वाचलेली एखादी ओवी ती पदराला गाठ मारावी तशी घेऊन येई आणि मग आठवडाभर ती तिच्या तोंडात असे. जात्यावर, चुलीपाशी, शेळ्या सोडताना, अंधारात वाकळ अंगावर ओढताना. ती काही आम्हांला ऐकवण्यासाठी म्हणत नसे. ओठांच्या आतल्या आत एक अस्पष्ट घरघर चाललेली असे आणि जात्याच्या घरघरीत ती मिसळून जाई. हीच पहिल्या स्तोत्रातली ओवी एकदा तिच्या तोंडी बसली होती. आमच्या घरच्या प्रतीत 'रात्रंदिवस' असे छापलेले, आणि आजी म्हणे 'दिसरात'. मी तेव्हा नगरला शाळेत शिकत होतो आणि सुटीत घरी आलो होतो. "आजी, दिसरात नाही गं, रात्रंदिवस आहे ते," असे मी पुस्तक उघडून तिला दाखविले. ती माझ्या बोटाखालच्या अक्षरांकडे कौतुकाने पाहत राहिली, "असंल बाबा," म्हणाली, आणि जात्याचा खुंटा धरून पुन्हा 'दिसरात'च म्हणू लागली. मी तीन दिवस तिला दुरुस्त करीत होतो.

वहीतल्या आठव्या आणि नवव्या पानावर आलो तेव्हा हिब्रूतला क्रम पाहिला. 'योमाम् वालायला': दिवस आधी, रात्र मागून. त्या दिवशी पुढचे काही वाचवले नाही. 'रात्रंदिवस' हा मराठीत रुळलेला शब्द आहे, त्यात चूक कसलीच नाही, आणि आजीला हिब्रूचा गंधही नव्हता. तेव्हा तिचे खरे ठरले असे सांगण्याचा माझा हेतू नाही. मला आठवला तो यशयाचा सिंह. चार बुके शिकलेला नातू भोवती ओरडत असताना तिने आपल्या दातांखालचे सोडले नव्हते.

एक ओवी घेऊन बसणाऱ्याने शेजारच्या ओव्यांकडे पाठ फिरवू नये, असे माझे मत आहे. नव्या करारातले वचनांचे आजचे क्रमांक तर रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ सालच्या आवृत्तीत प्रथम घातले. पौलाने पत्र लिहिताना ओळींवर आकडे टाकले नव्हते, आणि एखादे वाक्य संदर्भातून उपटून त्याचा ताईत करणे हा त्या पत्रावर अन्याय आहे. स्तोत्रांतील ओव्यांची विभागणी पुष्कळ जुनी, तरीही तीच काळजी तेथे हवी. मी पान उलटून दुसऱ्या स्तोत्रावर नजर टाकली आणि त्याच्या पहिल्याच ओवीत तो १८९७ क्रमांकाचा शब्द पुन्हा पुढे आला. राष्ट्रे खवळली आहेत, लोक व्यर्थ योजना करीत आहेत, असा तेथला आशय. आणि योजना करण्याला मुळात तोच शब्द, तेच पुटपुटणे.

यामुळे मला स्वतःच्या आयुष्यातले एक प्रकरण उघडून पाहावे लागले. निवृत्तीच्या सहा वर्षे आधी माझी बढती डावलली गेली होती. ती का आणि कोणी डावलली याचा ऊहापोह येथे नको. पण पुढे जवळजवळ दोन वर्षे, जेवताना, रस्त्याने चालताना, अंथरुणावर कूस बदलताना, वरिष्ठांना द्यावयाची उत्तरे मी जुळवीत असे, आणि माझे ओठ हलत असत, असे पत्नीने मला नंतर सांगितले. त्या दोन वर्षांत पहाटेचे अध्याय चुकले नव्हते, तक्त्यावरच्या खुणाही चुकल्या नव्हत्या. मनन कसे करावे हे मला येत नव्हते असे मी समजत होतो. वस्तुतः त्यात मी निष्णात होतो. दिवसा आणि रात्री, अन्नाचा घास तोंडात असताना, कुणी न सांगता मी ते करीत होतो, आणि त्याला विषय होता माझा स्वतःचा अपमान. चौथ्या महिन्यात, वही मिटून, मी ती नऊ शब्दांची ओवी पहिल्यांदा मोठ्याने म्हटली आणि म्हणत राहिलो. प्रारंभी संकोच वाटला, जणू कुणाच्या घरात न विचारता शिरलो आहे.

प्राचीन काळी वाचणे म्हणजे बहुधा मोठ्याने वाचणेच असे. प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत चालला आहे आणि फिलिप्पाला ते ऐकू येते, म्हणून तर तो जवळ जाऊन विचारू शकतो. अंब्रोज बिशप मनातल्या मनात वाचीत, त्यांचे डोळे पानावरून फिरत आणि जीभ स्वस्थ असे, ही गोष्ट ऑगस्टीनला नमूद करण्याइतकी विशेष वाटली होती.

गेल्या माघात माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून काही दिवस उताणे पडून राहण्याची सक्त ताकीद होती. वाचन बंद, वही बंद. दिवस कधी उगवला आणि मावळला कधी हे केवळ परिचारिकेच्या पावलांवरून ओळखायचे. आयुष्यभर वाचलेल्या अध्यायांपैकी किती जवळ उरले आहे ते मी त्या अंधारात चाचपून पाहिले. तुकडे बरेच होते, पण सबंध म्हणून जे हाती लागले त्यात ही ओवी होती. माझ्या शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडचे एक वृद्ध शेतकरी होते. त्यांच्याही डोळ्यांवर पट्ट्या. पहाटे ते हलक्या आवाजात हरिपाठ म्हणत आणि तो ऐकत मी पडून राही. मी माझी ओवी रात्री, ते झोपले असे समजून, ओठांतल्या ओठांत म्हणे.

तिसऱ्या रात्री अंधारातून त्यांचा आवाज आला.

"पाव्हणं, काय म्हणताय तुम्ही रोज?"

"ओवी म्हणतोय."

"जात्यावरची?"

"नाही, आमच्या शास्त्रातली आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तोंडातल्या तोंडात कशापायी? जरा मोठ्यानं म्हणा, मला बी ऐकू येऊ द्या."

मी घसा साफ केला आणि ओवी पहिल्या शब्दापासून सावकाश म्हटली. शेवटी आलो तेव्हा 'रात्रंदिवस' म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि बाहेर पडले ते 'दिसरात'.