नातवाला हवे असलेले घड्याळ

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांच्या नावे बँकेत किंवा टपाल कार्यालयात काही रक्कम ठेवली असेल. ती ठेवताना मनात शिक्षण असते, मुलीचे लग्न असते, अडीअडचण असते. एखाद्या दिवशी ते नातवंड समोर बसून त्या पैशाचा काही वेगळाच उपयोग सुचवील, हे मात्र आपल्या ध्यानीमनी नसते. आमच्या घरात या मे महिन्यात तसे घडले. त्या प्रसंगात मला माझ्याविषयी जे ऐकावे लागले, ते आपणांस सांगावे असे वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

माझे वय पंच्याहत्तर. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालो. (२०२२ पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, माझ्या तोंडी अजून गार्डच येते.) दौंड हे जंक्शनचे गाव. येथून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ सालापासून आहे आणि गावाचा दिवस गाड्यांच्या वेळेवर उगवतो नि मावळतो. आमची मुलगी शिरूरला असते. जावई रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्यांचा मुलगा, आमचा नातू, बारावीची परीक्षा देऊन सुट्टीसाठी आमच्याकडे आला. येत्या ऑगस्टमध्ये तो अठरा पूर्ण करील. केवळ सुट्टी घालवायला तो आला नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच्या आजीला सात वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे आणि माझ्या गुडघ्यांनी अलीकडे असहकार पुकारला आहे. आजीला उठवणे, चालवणे, गोळ्या देणे, हे सारे दोन महिने त्याने केले.

ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना ठाऊक असेल की यात घड्याळ हे अर्धे औषध असते. हिच्या गोळ्यांच्या वेळा सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि सायंकाळी सहा. गोळीला पाऊण तास उशीर झाला, तर पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती उभीच राहते. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यावी, डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने तिच्या शोषणात आड येऊ शकतात, आणि ती आपल्या मनाने एकाएकी बंद तर कधीच करू नये, हे आमच्या डॉक्टरांनी बजावले आहे. आपल्या रुग्णाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. आमचे उचलू नये. (पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. ज्यांना अनुभवाची देवाणघेवाण हवी, त्यांनी तिथे चौकशी करावी.)

तर एके संध्याकाळी, सहाची गोळी देऊन झाल्यावर, नातू मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसला आणि एका स्विस घड्याळाचे छायाचित्र त्याने मला दाखवले. किंमत एक लाख पस्तीस हजार. २०१० साली निवृत्तीच्या पैशांतून मी त्याच्या नावे पन्नास हजारांची मुदत ठेव केली होती. नूतनीकरण होत होत ती आज दीड लाखाच्या घरात गेली आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्यातून हे घड्याळ घ्यावे, असे त्याच्या मनात होते. परवानगी तो मागत नव्हता, हे माझ्या लक्षात आले. तो मला आधी सांगत होता, एवढेच.

माझा राग अनावर झाला. पहिली पंधरा मिनिटे मी काय बोललो, ते आपण ओळखालच. आपणही तेच बोलला असता. त्याने मात्र शांतपणे मला यंत्र समजावून सांगितले. सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे ते महिन्याला काही सेकंदच चुकते. उलट किल्लीचे किंवा हाताच्या हालचालीवर चालणारे महागडे घड्याळ दिवसालाच काही सेकंद चुकू शकते. मी म्हटले, “म्हणजे दीड लाख देऊन चुकीची वेळ घ्यायची?” तो हसला. म्हणाला, “आजोबा, वेळ मोबाइलमध्येही कळते. मला ते यंत्र आवडतं. आतले सगळे दाते माणसाने बसवलेले असतात.” नंतर जरा थांबून म्हणाला, “आणि पुण्याला होस्टेलवर सगळ्यांकडे काही ना काही असतं.”

पहिल्या कारणापेक्षा हे दुसरे कारण मला खरे वाटले. ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. त्याच्या एका मित्राने म्हणे हुबेहूब नकली, ज्याला ही मुले ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, ते घड्याळ मनगटावर बांधले आहे आणि कोणी बारकाईने पाहू लागले की तो हात खिशात घालतो. सतरा वर्षांच्या मुलाला हात खिशात घालायला लावणारी ही गोष्ट आपण थोरांनी थट्टेवारी नेऊ नये.

मी व्यवहाराकडे वळलो. अठरा पूर्ण होईपर्यंत आपल्या कायद्याने व्यक्ती अज्ञान. तिला करार करता येत नाही आणि ठेवीवर पालनकर्ता म्हणून वडिलांचे नाव आहे. अठरानंतर बँक नवी सही, नवी कागदपत्रे घेईल आणि पैसा पूर्णपणे त्याचा होईल. दर चार-पाच वर्षांनी अशा घड्याळाची साफसफाई करावी लागते आणि तिचा खर्च हजारांत जातो. वसतिगृहातील कपाटाचे कुलूप कसले असते, हेही मी वर्णन करून सांगितले. त्याला सर्व माहीत होते. उलट त्यानेच मला सांगितले, की दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळांच्या विक्रीवर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करायचा नियम आला. आमचे घड्याळ तिथवर पोहोचत नाही, एवढेच मला समाधान.

मग मी माझे उदाहरण दिले. तेच माझ्या अंगाशी आले.

मी म्हणालो, “मला बघ. उभ्या नोकरीत एकच घड्याळ वापरलं. एचएमटी जनता.” हे सांगताना मला नेहमीच अभिमान वाटतो. आमच्या नियमाप्रमाणे गाडी सुटण्यापूर्वी गार्डाने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवायचे आणि ती वेळ चालकाला सांगायची. तो मग त्याचे घड्याळ आपल्याशी जुळवतो. साऱ्या गाडीची वेळ माझ्या मनगटावर असे. बेंगळुरूचा तो कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. सत्तरच्या दशकात तिथले घड्याळ मिळायला वाट पाहावी लागे. २०१६ मध्ये सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले होते.

पलंगावरून ही काही बोलली. या आजारात आवाज फार क्षीण होतो, म्हणून नातू उठून जवळ गेला आणि त्याने तिचे वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटले: “आजी विचारतेय, ते घड्याळ कुणी घेतलं होतं?”

आमचे लग्न १९७४ चे. त्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता आणि मी नुकताच नोकरीला लागलेलो. हिचे माहेर शिरूर तालुक्यातले न्हावरे. बहात्तरच्या दुष्काळातून ते घर कसेबसे उभे राहत होते. नोकरीवाला जावई म्हटल्यावर आमच्याकडून मागणी झाली: घड्याळ आणि सायकल. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ पासूनच होता. पण घड्याळाला त्या काळी कोणी हुंडा म्हणत नसे, ‘मान’ म्हणत. बोलणी वडिलांनी केली. मी शेजारी बसून होतो आणि मी काहीही बोललो नाही.

त्या संध्याकाळी हिने थांबत थांबत, तुकड्यातुकड्यांनी जे सांगितले, ते बावन्न वर्षांत मला सांगितले नव्हते. दुष्काळात तिच्या वडिलांनी बैलजोडी कशीबशी जगवली होती. सर्जा आणि राजा. घड्याळासाठी त्यांनी सर्जा काष्टीच्या बाजारात विकला. मागे एकटा राजा राहिला. एका बैलावर औत चालत नाही. पुढची दोन वर्षे त्यांनी शेजाऱ्याशी सावड करून शेत कसले, आणि सावडीत आपली पेरणी नेहमी दुसऱ्याच्या नंतर होते.

खोलीत कोणी बोलेना. मग हिने नातवाचा हात धरला आणि म्हणाली, “घेऊ दे त्याला. त्याच्यापायी कुणाचा बैल तर जात नाही ना.”

वाचकहो, मी अजूनही हिच्याशी पूर्ण सहमत नाही. अठराव्या वर्षी हातात येणारी पहिली मोठी रक्कम एकाच वस्तूत घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही, आणि वस्तू चारचौघांच्या नजरेसाठी असेल तर अधिकच नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण पैसे देऊन टाकल्यावर त्यांची दोरी आपल्या हातात ठेवायची, याला देणे म्हणता येत नाही, हेही मला मान्य करावे लागले. माझ्यापुरते बोलायचे तर, मनगटावरच्या घड्याळाविषयी उपदेश करण्याचा अधिकार मी १९७४ मध्येच गमावला होता. मला त्याचा पत्ता आत्ता लागला. एकच गोष्ट मी त्याच्याकडे मागितली: ऑगस्टनंतर तीन महिने होस्टेलवर राहून पाहा, मग दुकानात जा. त्याने तत्काळ होकार दिला नाही. “बघतो,” म्हणाला. ते मला होकारापेक्षा बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून माझे जनता काढले, शिरूरला जाऊन ओळखीच्या कारागिराकडून साफ करवून आणले आणि आजीच्या हाती दिले. कानाशी धरून ती बराच वेळ ऐकत राहिली. सेकंदाला पाच ठोके, नातवाने सांगितले.

तेव्हापासून त्याला किल्ली द्यायचे काम तिचे आहे. सहाची गोळी घेतल्यावर तासाभराने ती ते घड्याळ मागते. ती इवलीशी किल्ली अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवणे तिच्या बोटांना सोपे नाही. कधी तीन वेळा फिरवून हात थांबतो, उरलेली किल्ली मी देतो. नातू शिरूरला परत जाण्यापूर्वी एक वही ठेवून गेला आहे. तीत गोळ्यांच्या वेळांशेजारी एक रकाना आखून त्यावर त्याने ‘किल्ली’ असे लिहिले आहे, आणि रोज रात्री फोनवर तो आकडा विचारतो. डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, ही काही तपासणी नव्हे, पण लिहीत राहा.

आज सकाळी तिने अकरा वेळा फिरवली.