बटणावरचा दिवा

तर झालं असं की मे महिन्यात आम्ही अकलूजला गेलो होतो. मी आणि बाबा, दोघंच. आत्या अंथरुणाला खिळली आहे आणि बाबांना तिला भेटायचंच होतं. बाबांनी एकदा जायचं ठरवलं की ऊन बघा, वय बघा वगैरे बोलण्यात काही अर्थ नसतो. (वय ७४.) पहाटे निघालो, एसी मस्त गार. दुपारी परत निघालो तेव्हाही ठीक. इंदापूरला चहाला थांबलो, पंधरा-वीस मिनिटं. परत गाडीत बसलो, बटण दाबलं, बटणावरचा दिवा लागला, पंखा घूं घूं करायला लागला आणि समोरच्या जाळीतून आली भट्टीतली हवा!

बाहेर ४२ च्या आसपास असेल. बटण बंद-चालू केलं. गाडी बंद-चालू केली. (आमच्या धंद्यातला पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय.) काही नाही. खिडक्या उघडल्या तर गरम वारं थोबाडात मारतंय. भिगवणच्या आसपास एकदाचा आपोआप चालू झाला, दहा-बारा मिनिटं गार हवा आली आणि परत ठप्प.

मी दर अर्ध्या तासानं विचारत होतो, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"बरंय की. पत्र्याखाली शिफ्टा काढल्यात आम्ही. तू समोर बघून चालव."

घरी पोचलो, आणि गाडीतून उतरताना त्यांनी दाराला धरलं ते सोडेचनात. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर खालीच बसले. ओठ कोरडे पडलेले, बोलणं जड. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, दोन सलाईन लावल्या. बीपीची जी गोळी ते घेतात तिनं लघवी जास्त होते, त्यात हे ऊन. सकाळी मी गाडीतलं सामान काढायला गेलो तर त्यांची पाण्याची बाटली सीटखाली. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. पाणी प्यायलं की सारखी गाडी थांबवावी लागेल, म्हणून प्यायलेच नव्हते.

असो.

गाडी गॅरेजला नेली. तिथे एसी एकदम झकास चालला! सकाळी दहाची वेळ, गाडी थंड. आमच्याकडे असं झालं की टेस्टर आणि डेव्हलपरमध्ये "माझ्या मशीनवर तर चालतंय" यावरून भांडण होतं. इथे भांडायला कुणी नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "गॅस कमी असेल सर," आणि १,८०० रुपयांचा गॅस भरून दिला. दोन दिवसांनी दुपारी ऑफिसमधून येताना परत तेच. पुन्हा नेली, तर म्हणाला कॉम्प्रेसर गेला. २४,००० रुपये, मजुरी वेगळी. गाडी नऊ वर्षांची. आणि बाबा तर पुढच्या रविवारी पुन्हा अकलूजला जायचं म्हणत होते. आत्याचं काही खरं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडून बसलो.

मूळ व्यवस्था सोपी आहे. तुम्ही बटण दाबता ती फक्त विनंती असते. गाडीचा कॉम्प्युटर आधी काही गोष्टी बघतो. नळीत गॅसचा दाब पुरेसा आहे का, उलट फार जास्त तर नाही ना, आतली जाळी गोठायला आली आहे का. सगळं ठीक असेल तर तो रिले लावतो, रिलेतून कॉम्प्रेसरच्या क्लचला १२ व्होल्ट मिळतात. इंजिन चालू असलं की बेल्टवर पुली फिरतच असते, पण कॉम्प्रेसर फिरत नाही. क्लचच्या कॉइलमध्ये करंट आला की चुंबक तयार होतो, पुलीसमोरची लोखंडी प्लेट टक् करून चिकटते, आणि मग कॉम्प्रेसर फिरतो.

आधी फ्यूज बघितले. मग एसीचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा लावला, आमच्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत. फरक नाही. माझ्याकडे गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं एक स्वस्तातलं यंत्र आहे, ते मोबाईलला जोडलं. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं: कॉम्प्रेसर चालू. मी मान वर करून बघितलं तर प्लेट जागच्या जागी ढिम्म! तेव्हा ट्यूब पेटली. कॉम्प्युटर सांगत होता की मी हुकूम दिला. हुकमाची तामिली झाली का, हे बघायला तिथे कुणी बसवलेलंच नव्हतं.

इंटरनेटवर लोक सांगतात की प्रेशर स्विचला वायरनं जोडून टाका म्हणजे एसी चालू होतो. कृपा करून करू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना तो फिरवला तर कोरडा घासून जाम होतो, आणि मग ते २४,००० खरोखरच द्यावे लागतात.

गाडी अर्धा तास शहरात फिरवून तापवली. एसी गेला. क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: १३.६ व्होल्ट. म्हणजे वीज दारापर्यंत पोचतेय. इंजिन बंद करून कॉइल मोजली, तर ४.५ ओहम. गाडी थंड असताना सकाळी ३.६ होती. तांबं तापलं की विरोध वाढतो, हे शाळेत शिकलेलं. पण कॉइल तुटलेली तर नाही. मग प्लेट चिकटत का नाही?

एवढ्यात बाबा खाली आले. डॉक्टरांनी आराम सांगितलेला, पण बॉनेट उघडं दिसल्यावर हा माणूस वर कसला बसतोय! एकतीस वर्षं भोसरीत फिटर होते. मी व्होल्ट, ओहम सगळं सांगितलं. त्यांनी निम्मंच ऐकलं असावं.

"गॅप मोजलास का?"

"कसला गॅप?"

त्यांनी वरून पत्र्याचा डबा आणवला. त्यात जुन्या फडक्यात गुंडाळलेला फिलर गेज, तेल लावून ठेवलेला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी पात्यांना गंज नाही. पुली आणि प्लेट यांच्या फटीत एक एक पातं घालत गेले. ०.९ मिलिमीटर. आमच्या गाडीला ०.३ ते ०.६ हवा.

नऊ वर्षं रोज शेकडो वेळा चिकटून-सुटून प्लेट झिजली होती. गाडी थंड असताना चुंबकाला ताकद असते, तो कसाबसा तेवढ्या लांबून ओढून घेतो. कॉइल तापली की करंट कमी, ओढ कमी, आणि फट मात्र तेवढीच. भिगवणला तो मध्येच का चालला तेही कळलं. एकदा चिकटली की फट उरत नाही, त्यामुळे टिकते. पण आतली जाळी पुरेशी गार झाली की कॉम्प्युटर क्लच सोडतो, आणि पुन्हा ओढायची वेळ आली की संपलं.

जॅक लावला, खाली स्टँड दिले, चाक काढलं. मधला बोल्ट सोडवून प्लेट बाहेर ओढली. आत दोन पातळ वॉशर होते, त्यातला ०.४ चा बाबांनी काढायला लावला. गॅसला हातसुद्धा लावावा लागला नाही, क्लच सगळा बाहेरच्या बाजूला असतो. परत मोजलं: ०.५. खर्च शून्य रुपये, आणि माझ्या कोपराचं थोडं कातडं. पुढे कधीतरी प्लेट बदलावी लागेल, पण तो कॉम्प्रेसर नव्हे.

"कारखान्यात हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवायचे," बाबा म्हणाले. मी काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी अकलूजला जाऊन आलो. आत्यानं बाबांना ओळखलं, हात धरून बसली होती. परतताना मुद्दाम इंदापूरला त्याच हॉटेलात थांबलो, वीस मिनिटं, गाडी उन्हात. परत येऊन बटण दाबलं. दिवा लागला. मी दिव्याकडे बघितलंच नाही, काच खाली करून कान बाहेर काढला. टक्.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"बरंय की."

मी हात लांब करून त्यांच्या बाजूची बाटली उचलून बघितली. भरलेली होती. झाकण उघडून त्यांच्या हातात दिली आणि ते पिईपर्यंत गाडी गिअरमध्ये टाकली नाही.