छंद, नाद आणि व्यसन

एकाच गोष्टीच्या आजूबाजूला फिरणारे किती शब्द आपल्याकडे आहेत! एखाद्याला पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद असतो. तोच माणूस जेवणखाण विसरून तिकिटांत रमला की घरचे म्हणतात, याला नाद लागलाय. त्याच्याही पुढे गेला तर वेड. व्यसन हा शब्द मात्र आपण तंबाखू, दारू आणि जुगार यांच्यासाठी राखून ठेवला. आमच्या निपाणी-चिकोडी भागात तंबाखूचं पीक पिढ्यान्‌पिढ्या. व्यसन म्हणजे काय, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्याला वास असायचा. मोबाईलच्या नादाला वास नाही. मूल घरातच आहे, आपल्या खोलीत आहे, उनाडायला गेलेलं नाही, म्हणून आई निर्धास्त असते.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचं असंच झालं. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो सातवीत होता. ऑनलाइन वर्गासाठी घरात एक जास्तीचा फोन आला. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला सरकारने पबजी बंद केला, तेव्हा जाऊ म्हणाली, "सुटलो बाई." पण पोरगा दुसऱ्या खेळाकडे वळला. 2021 च्या जुलैत तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स' या नव्या नावानं परत आला. 2022 मध्ये तोही बंद झाला, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. बंदीनं खेळ गेला, नाद काही गेला नाही. तो आपला दारं बदलत राहिला.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळी पानं एकदम मांडली जातात. पोरगा दहावीत गेला त्या वर्षी त्याचं पान रोज रिकामं राहू लागलं.

"ये की रे जेवायला, काय करायलायस?"

"आलो की, एकच मॅच."

एक मॅच म्हणजे जवळजवळ अर्धा तास. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करून खेळायचं असतं. मध्येच डाव थांबवता येत नाही. उठलात तर तिघे मित्र तोंडघशी पडतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा जाब द्यावा लागतो. आई हाक मारते ती एकटीच, तिकडं तीन मित्र कानात ओरडत असतात. तेव्हा पोरगा आईचं ऐकत नाही, असं नुसतं म्हणून भागत नाही. सासूबाई दाराशी उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "खोटं खोटं का असेना, दिवसभर माणसं मारायची म्हणजे काय रे?" तो हसायचा. सूर्य मावळायचा, आणि पानावरचं जेवण झाकून ठेवावं लागायचं.

मला कुतूहल वाटलं म्हणून मी एक-दोन वेळा त्याच्या शेजारी बसून खेळ बघितला, या विषयावर थोडं वाचलंही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दरवेळी ठरलेला दाणा मिळाला, तर कबूतर पोट भरेपर्यंत चोच मारतं. पण दाणा कधी दुसऱ्या चोचीला, कधी पन्नासाव्या चोचीला, असा अवचित मिळू लागला की ते मारतच सुटतं. दाणा बंद झाला तरी बराच वेळ थांबत नाही. जुगाराचं मशीन याच युक्तीवर चालतं. खेळातल्या पेट्या उघडल्यावर कधी फुटकळ काही निघतं, कधी झगझगीत पोशाख निघतो, त्यातही हीच युक्ती. पुढची पेटी लवकर हवी असेल तर खरे पैसे मोजायचे. भारतीय संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो चांगलाच झाला. पण पोशाख आणि बंदुकांचे रंग विकणारे हे खेळ त्या बंदीत येत नाहीत. तिथं आईबापांनाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आता एवढं पोराबद्दल बोलल्यावर थोरांकडे बघायला नको का? एका रविवारी मी दुपारी ओसरीवर मटार सोलत बसले होते. दीर फोनवर राजकारणाचे निरोप पुढं ढकलत होते. जाऊ रील्स बघत होती. एक सोळा सेकंदांची पाककृती, लगेच एक रडणारी सून, त्यापाठोपाठ एक कुत्रा. सून का रडत होती हे विचारलं, तर तिला आठवेना. पूर्वी पान संपलं की पुढचं पान उघडावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. 2006 साली अझा रास्किन नावाच्या एका तंत्रज्ञानं पान कधी संपूच नये अशी सोय तयार केली. पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. 2009 मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं आणि आपलं कौतुक किती झालं ते मोजता येऊ लागलं. दिराच्या फोटोला किती अंगठे आले, हे ते स्वतः दिवसातून चार वेळा बघतात. पोरगा हे सगळं पाहत असतो.

दहावीच्या पूर्वपरीक्षेत त्याला गणितात अडतीस गुण पडले. त्या रात्री दिरांनी फोन फरशीवर आपटला. त्याच्या काचा मी केरसुणीनं गोळा केल्या. पोरगा आठ दिवस कुणाशी बोलला नाही, धड जेवला नाही. जाऊ रात्र-रात्र त्याच्या दाराबाहेर बसून राहायची. तिच्या भीतीला कारण होतं. 2019 साली आमच्या बेळगावजवळच्याच एका गावातून बातमी आली होती, मोबाईलवरच्या खेळापायी बोलले म्हणून तरण्या मुलानं जन्मदात्या बापाचा जीव घेतल्याची. ती बातमी इथल्या प्रत्येक घरात वाचली गेली होती. एका खेळानं माणूस एवढा बदलतो असं मला वाटत नाही. तिथं आधीपासून बरंच काही बिघडलेलं असणार. पण रात्री दोन वाजता बंद दाराबाहेर बसलेल्या आईला हे कोण समजावणार?

शेवटी आम्ही त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. वाटेत दीर म्हणत होते, "माझा पोरगा काय येडा आहे काय?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की जास्त खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण त्यासाठी तीन गोष्टी बघतात. खेळणं हाताबाहेर गेलं आहे का? बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो का? आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहतं का? हे साधारण वर्षभर चालू असेल आणि त्यानं शिक्षण, घर, नाती मोडकळीला आली असतील, तर आजार म्हणायचा. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिकच आहे, गरज पडली तर तिकडं पाठवू, असंही ते म्हणाले. मग त्यांनी दिरांना विचारलं, "तुमचा स्वतःचा फोन रात्री कुठं असतो?" दीर गप्प. "उशीखाली," जाऊ म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी पोरगा माझ्याजवळ भाजी निवडायला येऊन बसला. त्याला ती सवय लहानपणापासूनची. मी काहीच विचारलं नाही. तोच म्हणाला, "मोठीआई, तिथं हरलं की लगेच दुसरा डाव मिळतो. इथं अडतीस पडले तर प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी विचारतंयच."

माझे हात थांबले. शंभर जणांच्या बेटावर त्याला टोळीचा म्होरक्या म्हणून ओळखत होते. घरात त्याची ओळख अडतीस गुणांची. मग तो कुठं राहायला जाईल? खेळ बनवणाऱ्यांनी ही भूक ओळखली आणि तिच्यावर दुकान मांडलं. ते दुकान आपण बंद करू शकणार नाही. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. चीननं 2021 पासून मुलांच्या ऑनलाइन खेळाला शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तासाची मर्यादा घातली आहे. हे सरकारांचे उपाय. मला मात्र सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा उपाय जास्त जवळचा वाटला. तिथं ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. मला त्यात आवडलं ते हे, की भोंगा फक्त मुलांसाठी नव्हता.

आमच्या घरात भोंग्याचं काम सासूबाईंनी केलं. पर्वात कुणी साखर सोडतं, कुणी हिरवी भाजी, तसा मुदतीचा नियम घ्यायची आमच्याकडे रीत आहे. त्या म्हणाल्या, "कायमचं सोड म्हणून मी सांगत नाही रे. महिनाभर जेवणापासून दोन तास फोन नको. मी माझी मालिका सोडते." ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं मालिका सोडली म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड उरलं नाही. फडताळात एक स्टीलचा डबा ठेवला, त्यात सगळ्यांचे फोन. पहिल्या आठवड्यात डबा तीन वेळा उघडला गेला, तिन्ही वेळा दिरांनीच. चौथ्या वेळी पोरगा म्हणाला, "बाबा, एकच मॅच काय?" तेव्हा घरातलं माणूस न माणूस हसलं. त्याच्या तोंडून विनोद ऐकून कितीतरी महिने झाले होते.

महिना संपल्यावर नियम पुन्हा वाढवून घेतला, मग पुन्हा. दहावी तो पास झाला, गुण बेताचेच. लग्नात कुणी विचारलं तर आता जाऊच आधी बोलते, "पास झालाय की, काय कमी आहे?" तो सध्या दुसऱ्या पीयूसीत आहे. खेळ सुटलेला नाही. रविवारी दोन डाव खेळतो, परीक्षा जवळ आली की कधी चारही होतात आणि जावेचा चेहरा उतरतो. पण सहा वाजता पान मांडलं की तो येतो. त्या दोन तासांत तो काय करतो, असं मला कुणी विचारतं. बरेचदा काहीच नाही. आज्जीच्या पायाला तेल चोळत बसतो, आणि ती त्याला जुन्या निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींच्या गोष्टी सांगते.