घरातला हंडा

सॅनवरून, म्हणजे सामाईक स्टोरेजच्या नेटवर्कवरून, सर्व्हर बूट करायचा हट्ट वाळूजच्या आमच्या कारखान्यात माझाच होता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहणार नाही.

तेव्हाचा माझा हिशेब असा. सर्व्हरमध्ये आधी बिघडते ती फिरती डिस्क. तीच काढून टाकायची आणि ऑपरेटिंग सिस्टीमही फायबरने जोडलेल्या सामाईक स्टोरेजवर ठेवायची. एक सर्व्हर मेला की दुसऱ्याला तोच लन, म्हणजे स्टोरेजमधला त्याच्या वाट्याचा डिस्कचा तुकडा, दाखवायचा, काम सुरू. मेंटेनन्सच्या एका जुन्या मामांना मी कौतुकाने म्हणालो, "मामा, एकाही सर्व्हरमध्ये डिस्क नाही." ते म्हणाले, "साहेब, जायकवाडीचं पाणी येतंय म्हणून घरातला हंडा कुणी फेकून देतं का?" मी हसलो. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या घरात राहून हसलो!

मग उन्हाळ्यातल्या एका रात्री लाइट गेली, जनरेटर चाललाच नाही, यूपीएस उतरला. पहाटे वीज आली. सर्व्हर चटकन उठले आणि आपापली डिस्क शोधू लागले. स्टोरेजची मात्र स्वतःचीच तपासणी चालली होती. लन दिसेना, तेव्हा बूट डिव्हाइस नाही म्हणून सगळे सर्व्हर थबकले. थोड्या वेळाने रीस्टार्ट केले, तर निम्मे आले, निम्मे नाहीत.

स्टोरेजचा एक कंट्रोलर उठलाच नव्हता. पण दोन कंट्रोलर, दोन स्विच, दोन वाटा हे तर मीच मीटिंगमध्ये घोकून सांगितले होते. घोळ असा की, या दोन वाटा सांभाळणारा मल्टिपाथ हा ऑपरेटिंग सिस्टीम चढल्यावरच काम करतो. त्याआधी सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या एचबीए कार्डाला आपण भरून दिलेले स्टोरेजचे पत्तेच ठाऊक असतात. निम्म्या सर्व्हरमध्ये मी एकच पत्ता भरला होता. डब्ल्यूडब्ल्यूपीएनची, म्हणजे त्या पत्त्याची, 16 आकडे-अक्षरे पुन्हा टाइप करायचा कंटाळा, दुसरे काय. आणि स्टोरेज सांभाळायचे सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर होते, तोही त्याच स्टोरेजवरून बूट होणारा. कपाटाची किल्ली कपाटातच! शेवटी लॅपटॉपला सिरियल केबल लावून जमिनीवर बसलो.

तरीही मी मत बदलले नाही. चूक माझ्या आळसाची, पद्धतीची नाही, असे स्वतःला समजावले आणि सगळीकडे दुसरा पत्ता भरून टाकला.

मत बदलले ते काही महिन्यांनी, भर दुपारी. एक लिनक्स सर्व्हर थिजला. स्टोरेजची वाट तुटली होती, रूट फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झाली होती. कारण शोधायला लॉग उघडला, तर शेवटची ओळ अगदी शहाण्यासारखी, सगळे आलबेल. पुढचे काही नाहीच, कारण लॉग लिहायचा त्याच लनवर, जो गायब झाला होता. क्रॅश डंपचेही तेच. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत कारण विचारले गेले आणि माझ्याकडे दाखवायला कागदसुद्धा नव्हता. लोकल डिस्क असती तरी सर्व्हरचे काम थांबलेच असते, पण निदान काय दुखले ते तरी त्याने लिहून ठेवले असते.

सॅन मी सोडलेले नाही. डेटाबेस तिथेच आहे, तिथेच राहील. पण माझा मूळ मुद्दा फिरत्या डिस्कवर उभा होता आणि आता तर डिस्क फिरायच्याच थांबल्या. नव्या सर्व्हरमध्ये दोन छोट्या एम-डॉट-टू एसएसडी मिरर करून टाकतो. खरेदीच्या कागदावर हा खर्च कशाला, असा शेरा आला. पूर्वी तो शेरा मीच मारायचो.

ब्लेड सर्व्हरची एक जुनी चॅसिस अजून सॅनवरूनच बूट होते. तिथे एक ब्लेड काढून दुसरी लावायची सोय खरोखरच कामाची आहे, म्हणून हात लावलेला नाही. तिचे सगळे पत्ते एका वहीत लिहून वही रॅकला दोऱ्याने बांधली आहे.