जरा चालून दाखवा

कॅन्सरच्या पेशंटची तपासणी तो दारातून आत येतो तिथेच सुरू होते. पाऊल कसं पडतंय, खुर्चीत बसताना कुणाचा आधार लागतोय का, यावरून पुढची केमो झेपेल की नाही याचा निम्मा अंदाज येतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बेंगळुरूतल्या आमच्या ओपीडीचं ते दारच बंद झालं. 25 मार्चला केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली. निपाणी, चिकोडी, खानापूरहून रात्रभर प्रवास करून येणारी माणसं आता मोबाइलवर दिसू लागली.

पडद्यावर माणूस बसलेलाच दिसतो, आणि बसलेला माणूस बरा वाटतो. म्हणून मी म्हणायचो, "काकू, आतून तांब्याभर पाणी आणा बघू." मुलगा मोबाइल घेऊन मागोमाग जाई. तेवढ्या चालण्यात लागलेली धाप दिसे, भिंतीला टेकलेला हात दिसे. पायावर सूज असेल तर मुलीला नडगीवर अंगठा दाबून धरायला सांगायचं आणि खळगा किती वेळ राहतो ते पाहायचं. काखेतली गाठ मात्र अशी कळत नाही. आणि केमोनंतर ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर व्हिडिओची वाट बघायची नाही, तडक जवळचं हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना काही तासांतही जीव धोक्यात येतो.

सगळ्यात अवघड होतं बोलणं. "बाबांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही" हे ओपीडीत नातेवाईक बाहेर गाठून सांगतात. इथे मोबाइल धरणारा मला दिसतच नसे. मग सुरुवातीलाच विचारू लागलो: खोलीत कोण कोण आहे? बाबांना काय माहीत आहे? आणि थोडा वेळ त्यांच्याशी एकट्याशी बोलू द्या. घरच्यांना ते रुचत नसे, तरी मी हट्ट सोडला नाही. आजार बाबांचा होता.

वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनपाशी मात्र हात बांधलेले होते. अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं ऑनलाइन लिहून द्यायला त्या नियमावलीत मनाई होती. गैरवापराची भीती खरी आहे, पण तिची किंमत गावात रात्र रात्र कण्हत पडलेल्या माणसानेच का मोजावी? तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर पेशंटच्या उशाशी आणि आम्ही पडद्यावर, अशा दोघांच्या जबाबदारीवर मॉर्फिन देण्याची सोय करायला हवी होती.