मॅडमचं देणं

माझा मुलगा आज भांडतो, हट्ट करतो, फोनवर आजोबांना शाळेतल्या गमती सांगत बसतो. त्याच्या या बोलण्यामागे आमच्या ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मॅडम उभ्या आहेत. त्याच्या कानाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे उपकार आहेतच, पण मॅडमचं ऋण आमच्या रोजच्या जगण्यात मुरलं आहे.

तो बोलत नव्हता, तेव्हा मॅडमकडे जाण्याआधी एका डॉक्टरांनी ‘मुलगे उशिराच बोलतात, वाट बघा’ म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं. मॅडमनी पहिल्याच भेटीत बेरा तपासणी लावली. झोपेचं औषध पाजल्यावर तो माझ्या मांडीवर झोपला. त्यांनी कपाळावरची आणि कानांमागची त्वचा घासून पुसली, तारा चिकटवल्या आणि कानात टकटक आवाज सोडले. कानाची नस आवाज पुढे मेंदूकडे पोचवते आहे का, ते पडद्यावरच्या लहरींवरून कळतं. ९० डेसिबलला सुद्धा लहर उमटली नाही.

सासूबाई म्हणाल्या, “हिनं ग्रहण पाळलं नाही ना!”

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. “आजी, ग्रहणानं असं होत नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. पुष्कळदा कारण जनुकांत असतं, आणि ते बहुतेक वेळा दोन्ही घरांकडून आलेलं असतं. सूनबाईंचा यात काही दोष नाही.” घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या दोन मिनिटांनी माझा संसार सावरला.

आधी श्रवणयंत्रं लावून पाहिली. कानाचा साचा जरा सैल झाला की यंत्र शिट्टी मारायचं; मूल वाढतं तसा कानही वाढतो, म्हणून साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागे. यंत्रांनी भागेना, तेव्हा मॅडमनी ऑपरेशन करून कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलं. खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत त्यासाठी तेव्हा ६ लाखांपर्यंत मदत मिळत असे, मात्र जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना वयाची ५ वर्षं पूर्ण होण्याआधी, हे त्यांनीच सांगितलं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेकडे अर्ज कसा करायचा, कोणते दाखले जोडायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

ऑपरेशननंतर मशीन सुरू झालं, त्या दिवशी त्या म्हणाल्या, “याचं ऐकण्याचं वय आजपासून मोजायचं. आवाज मशीन देईल, भाषा तुम्ही द्यायची.” मग त्यांनी मला रोजची तपासणी शिकवली. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरायचा आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून काढायचे. ऐकू आलं की त्यानं डब्यात एक मणी टाकायचा. या सहा आवाजांत बोलण्यातली जाडपासून बारीकपर्यंतची सगळी पट्टी सामावते. बराच काळ ‘स’ला हात हलत नसे. मॅडम मॅपिंग करून मशीनची जुळणी सुधारत राहिल्या आणि मी भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना त्याच्याशी बोलत राहिले. एका सकाळी ‘स’ म्हटल्याबरोबर मणी डब्यात खणकन पडला. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

मॅडमना भेटवस्तू चालत नाही. “इतर आयांना सांगा” एवढंच त्या म्हणतात. म्हणून आमच्या भागात कुणाकडे बाळ झालं की मी ऐकण्याच्या ओएई तपासणीचं विचारते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून काही मिनिटांत ती होते. पहिल्या महिन्यात ही चाचणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा हिशेब मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते. आमच्या मुलाच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. आता आमच्या आळीत आहे.