लिहिलेली वाटणी

पुण्यात मी पॉवर सर्व्हरवर काम करतो. गावी, दिग्रस तालुक्यात, कोणी विचारलं की सांगतो, "वाटण्या करतो." एका मोठ्या यंत्राचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो. त्याला किती मेमरी, किती प्रोसेसर हे त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहायचं. तिथे तीन आकडे असतात. किमान, म्हणजे एवढंही मिळालं नाही तर तो भाग सुरूच होत नाही. अपेक्षित, म्हणजे शिल्लक असेल तर सुरू होताना एवढं मिळतं. आणि कमाल, म्हणजे चालू असताना याच्यापुढे वाढवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक डेटाबेस फार संथ झाला. मी त्या भागाची मेमरी ३२ जीबीवरून ४८ केली. कमाल ६४ होती, म्हणून बंद न करता काम झालं. शाबासकीही मिळाली. प्रोफाइलमध्ये मात्र ३२च राहिले. बदल तिथे आपोआप उतरवण्याची सोय त्या यंत्रावर बंद होती आणि मी ते पाहिलंच नाही. चार महिन्यांनी देखभालीसाठी तो भाग बंद करून प्रोफाइलवरून सुरू केला, तर तो ३२वर उठला. नेमका पगाराचा दिवस. कारण सापडेपर्यंत दुपार झाली. चूक माझीच होती.

आमची विहीर अब्बा आणि चाचांची सामाईक. कागदावर निम्मा-निम्मा हिस्सा. चाचांनी रब्बी सोडली तेव्हा म्हणाले, "भाईजान, माझी पाळी पण तुम्हीच घ्या." १४ वर्षं आमचा गहू त्या पाण्यावर निघाला. चाचा गेले. मुलांनी शेती हातात घेतली, कागद काढले आणि आपली पाळी मागितली. अब्बांना ते फार लागलं. त्या ईदला शिरखुर्म्याचा डबा त्यांच्या घरी गेला नाही. मीही चुलतभावांवर राग धरून बसलो.

त्या दुपारी स्क्रीनवर ३२चा आकडा पाहिला आणि राग गळाला. यंत्राने बेइमानी केली नव्हती. नव्याने सुरू होणारा लिहिलेलंच वाचतो. चाचांचा शब्द खरा होता, पण तो चाचांबरोबरच गेला.

आता मेमरी वाढवली की आधी प्रोफाइल उघडून बघतो. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावांबरोबर बसून एक कागद केला. अब्बांच्या गव्हाला निदान किती पाळ्या, पाणी असेल तर किती, आणि त्यांचं शेत पडीक राहिलं तर जास्तीत जास्त किती. खाली सगळ्यांच्या सह्या. अब्बांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

यंदा डबा गेला.